संशयाच्या दिवसाचा पगार

कोविडच्या काळात मेडिकल दुकानातला कोणी पॉझिटिव्ह निघाला की चर्चा ठरलेल्या वळणाने जात असे. त्याने मास्क नीट लावला नसेल, हात धुतले नसतील, लग्नाला जाऊन आला असेल, आणि मुख्य म्हणजे अंगात कसकस असताना तो कामावर आलाच कसा? उपायही ठरलेला होता: ‘लक्षणे दिसल्यास घरी थांबा’ अशी सूचना भिंतीवर चिकटवायची, सॅनिटायझरची बाटली गल्ल्याशेजारी ठेवायची आणि बाकीचे माणसाच्या जबाबदारीच्या जाणिवेवर सोपवायचे. या दृष्टीने पाहिले तर कर्मचाऱ्यांमधला संसर्ग आणि त्यांचे विलगीकरण हा शिस्तीचा विषय ठरतो. शिस्तीचा माणूस घरी बसतो, बेशिस्त माणूस दुखणे अंगावर काढून काउंटरवर उभा राहतो.

हे निदान मला उथळ वाटते. आजारी कर्मचारी घरी थांबेल की नाही, याचा निकाल त्याला ताप येण्याच्या कितीतरी आधी लागलेला असतो. त्या दुकानात एक माणूस कमी झाला तर काम कोण करणार, त्याच्या न येण्याचे पैसे कोण सोसणार आणि परवान्याचे काय होणार, या तीन प्रश्नांची उत्तरे ठरलेली नसतील तर सूचनेचा कागद कितीही मोठ्या अक्षरात छापला तरी उपयोग नाही. या तिन्हींत कळीचा मुद्दा आहे तो पहिल्या एक-दोन दिवसांचा, म्हणजे घसा खवखवतो आहे पण चाचणी झालेली नाही अशा संशयाच्या दिवसांचा. आपल्या सगळ्या नियमांनी आणि मदतीच्या योजनांनी नेमके तेच दिवस वाऱ्यावर सोडले.

१. अहवाल येतो तोवर

आधी रोगाचे वेळापत्रक पाहू. कोविडचा रुग्ण लक्षणे दिसण्याच्या साधारण एक-दोन दिवस आधीपासून संसर्ग पसरवू लागतो आणि लक्षणे सुरू होण्याच्या आसपास त्याच्यापासूनचा धोका सर्वांत जास्त असतो. पुढच्या आठवड्यात तो झपाट्याने उतरतो. आता याच्या शेजारी २०२० मधल्या कर्मचाऱ्याचे वेळापत्रक ठेवा. सोमवारी संध्याकाळी अंग दुखू लागले. ‘उन्हाने असेल’ म्हणून मंगळवार काढला. बुधवारी स्वॅब दिला, आणि अहवाल शुक्रवारी नाहीतर शनिवारी हातात आला. तिथून पुढे सगळी यंत्रणा हलायची: पालिकेचा फोन, घरावर फलक, दुकानाचे निर्जंतुकीकरण. त्या वर्षीच्या मे महिन्यातल्या केंद्राच्या सूचनेनुसार गृह विलगीकरण लक्षणे दिसल्यापासून १७ दिवसांनी संपत असे. जानेवारी २०२२ मध्ये हीच मुदत पॉझिटिव्ह अहवालापासून सात दिवसांवर आली. वाद सगळा झाला तो या मुदतीवर. सतरा की दहा, दहा की सात? पण मुदतीचे शेपूट कुठे कापायचे हा तुलनेने दुय्यम प्रश्न होता. सोमवार ते बुधवार तो माणूस काउंटरवर होता की नाही, यावर बहुतेक नुकसान ठरून गेलेले असे.

म्हणजे दुकानाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे विलगीकरण ते, जे अहवालाशिवाय, केवळ शंकेवरून होते. आणि ते कोणाला लादता येत नाही. कर्मचाऱ्याने आपण होऊन ‘आज बरे वाटत नाही’ एवढे म्हटले तरच ते घडते. व्यवस्थापनाचे कौशल्य या एका वाक्याची किंमत कमी करण्यात आहे. आज ती किती आहे, ते पाहू.

२. दहा चौरस मीटर

किरकोळ औषधविक्रीच्या परवान्यासाठी कायद्याने किमान दहा चौरस मीटर जागा लागते, म्हणजे सुमारे एकशे आठ चौरस फूट. गावातल्या आणि उपनगरांतल्या बऱ्याच दुकानांची जागा याच्या आसपासच असते. त्यातून तीन भिंतींचे रॅक, इन्सुलिनचा फ्रिज, काउंटर, संगणक आणि स्टॉकिस्टकडून आलेले न उघडलेले खोके वजा करा. उरलेल्या पट्टीत दोन-तीन माणसे दिवसातले दहा-बारा तास एकमेकांना घासून वावरतात. एकजण वरच्या फळीवरचा डबा काढतो, दुसरा त्याच्या हाताखालून कात्रीने पट्टी कापून देतो, तिसरा शॉर्टबुकात संपलेली औषधे लिहितो. अशा जागेत एक पॉझिटिव्ह निघाला की बाकीचे सगळे ‘हाय रिस्क काँटॅक्ट’. कोण कोणाच्या किती जवळ आला होता हे शोधण्यात अर्थच उरत नाही.

गिऱ्हाईक आणि दुकानदार यांच्यामधल्या संरक्षणावर आपण भरपूर डोके चालवले. दुकानापुढे दोरी बांधली, खुर्च्या आडव्या लावल्या, पैसे घेण्यापुरते भोक ठेवून प्लास्टिकचा पडदा सोडला. हे सगळे फुकट गेले असे नाही. पण पडद्याच्या आतल्या बाजूला, खोक्यांच्या आडोशाला, दुपारी अडीच वाजता मास्क उतरवून एकत्र उघडलेले डबे हा कर्मचाऱ्यांमधल्या संसर्गाचा मोठा रस्ता होता. विषाणू हवेतूनही पसरतो हे जागतिक आरोग्य संघटनेने पुरते मान्य करेपर्यंत २०२१ चा उन्हाळा आला, आणि तोवर हवा खेळती ठेवण्याऐवजी नोटांवर सॅनिटायझर फवारण्यात आपली बरीच शक्ती खर्च झाली होती. रुग्णालयांनी कर्मचाऱ्यांचे गट पाडले, एक गट दुसऱ्याला भेटणार नाही अशा पाळ्या लावल्या. तीन माणसांच्या दुकानात दोन गट पडत नाहीत. इतक्या लहान आस्थापनेत आतून अंतर राखणे अशक्य असल्याने शंका येताच बाहेर पडणे हेच पहिले आणि जवळजवळ शेवटचे शस्त्र उरते.

३. पगाराचा हिशेब

ते शस्त्र चालवायचे कोणी? काउंटरवरच्या ‘मुलाने’. त्याला पोरगा म्हणतात, पण बहुधा तो चाळिशीकडे झुकलेला, दोन लेकरांचा बाप असतो. त्याच्या पाठीशी कायदा किती आहे? राज्य कामगार विमा योजनेत आजारपणात ७० टक्के वेतन वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळते. योजना उत्तमच, पण दहापेक्षा कमी माणसांचे दुकान तिच्या कक्षेत येत नाही. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापनांचा २०१७ चा कायदा वर्षाला आठ दिवसांची पगारी नैमित्तिक रजा देतो. तोही दहा कामगारांपासून पुढे लागू होईल असाच लिहिला गेला. त्याहून लहान दुकानाने नुसती माहिती कळवायची. टाळेबंदी सुरू झाल्यावर २९ मार्च २०२० रोजी केंद्राने वेतनकपात करू नका असा आदेश काढला, पण तो टाळेबंदीमुळे बंद पडलेल्या आस्थापनांपुरता होता. मेडिकल तर उघडे होते. दीड-पावणेदोन महिन्यांत तोही मागे घेतला गेला. अशा रीतीने प्रत्येक छत्री या माणसाला चुकवून उघडली.

अशा माणसापुढे ‘अंगात कसकस आहे’ हे वाक्य ठेवा. चाचणी पॉझिटिव्ह आली तर सतरा दिवस बिनपगारी. निगेटिव्ह आली तरी तीन-चार दिवसांचा खाडा, वर मालकाचा त्रासिक चेहरा. न बोलता एक पॅरासिटामॉल घेतली, जी त्याच्या हाताशीच असते, तर खर्च शून्य. यात कोणाची नीतिमत्ता तपासायची? हिशेब इतका एकतर्फी असताना जे घरी बसले त्यांचेच नवल वाटायला हवे.

हा निव्वळ तर्क नाही. साथीच्या आरंभी इस्रायलमध्ये झालेल्या एका पाहणीत लोकांना विचारले होते की विलगीकरणाचा आदेश पाळाल का. बुडालेल्या पगाराची भरपाई मिळेल असे गृहीत धरल्यावर ९४ टक्के ‘हो’ म्हणाले. भरपाई नाही म्हटल्यावर हे प्रमाण ५७ टक्क्यांच्या खाली आले. प्रश्न काल्पनिक होता, हे खरे, आणि काल्पनिक प्रश्नाला माणसे जरा अधिक सज्जन उत्तर देतात. ब्रिटनमधल्या एका मोठ्या पाहणीने प्रत्यक्ष वागणूक विचारली, तेव्हा लक्षणे असलेल्यांपैकी पूर्ण विलगीकरण पाळणारे जेमतेम ४३ टक्के निघाले. न पाळण्याचा संबंध आर्थिक ओढाताण, घरात लहान मूल असणे आणि अत्यावश्यक क्षेत्रात काम करणे यांच्याशी दिसला. घरी थांबण्याचा इरादा त्याहून पुष्कळ अधिक लोकांचा होता. इरादा आणि कृती यांमधल्या त्या दरीत उपदेश ओतून ती भरत नाही.

४. इंग्लंडने काय केले

इंग्लंडचे उदाहरण यासाठी बोधक आहे की तिथे वस्तीतली औषधाची दुकाने राष्ट्रीय आरोग्यसेवेला करारानेच जोडलेली आहेत. म्हणजे मदत पोहोचवायची वाट आधीपासून तयार होती. तरीही गाडी त्याच खड्ड्यात अडकली. कोविडसाठी आजारपणाचा वैधानिक भत्ता पहिल्या दिवसापासून लागू झाला आणि त्यात लक्षणांमुळे स्वतःहून घरी बसलेला माणूसही धरला गेला. संशयाचा दिवस निदान कागदावर तरी मान्य झाला. पण रक्कम होती आठवड्याला ९५.८५ पौंड, किमान वेतनावर पूर्ण आठवडा राबणाऱ्याच्या कमाईच्या एक तृतीयांशाहूनही कमी. आठवड्याला सरासरी १२० पौंडांहून कमी कमावणाऱ्या अर्धवेळ कामगाराला तेवढेही नाही. २८ सप्टेंबर २०२० पासून अल्प उत्पन्नवाल्यांसाठी ५०० पौंडांची मदत आली, आणि त्याच दिवसापासून विलगीकरण मोडणाऱ्याला १,००० पौंडांपासून दंडही. मात्र ही मदत संपर्कशोध यंत्रणेने अधिकृतपणे कळवल्यानंतरची, म्हणजे पुन्हा अहवालानंतरचीच.

पुढे जुलै २०२१ मध्ये संपर्काची सूचना देणाऱ्या ॲपने एका आठवड्यात इंग्लंड आणि वेल्समधल्या सहा लाखांहून अधिक लोकांना घरी थांबायला सांगितले. सेवा अडखळू लागल्या, तेव्हा सरकारने लसीचे दोन्ही डोस घेतलेल्या आघाडीच्या आरोग्य कर्मचाऱ्यांना रोजच्या चाचणीच्या अटीवर अपवादात्मक सूट दिली. कडक नियम आधी लिहायचा, बदली माणसांची तजवीज करायची नाही आणि कंबर मोडली की सूट काढायची, हा क्रम तिथेही दिसला. इथे एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे: २५० हून कमी कर्मचाऱ्यांच्या मालकाला भत्त्याचे दोन आठवड्यांपर्यंतचे पैसे सरकारने परत केले. लहान दुकानदाराच्या गळ्यात संपूर्ण ओझे बांधले नाही.

५. परवाना आणि पळवाट

आतापर्यंत नोकराचा विचार केला. आजारी पडलेला माणूस फार्मासिस्टच असेल तर? १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे, आणि औषध नियमांनुसार विक्री त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली व्हायची. नियम योग्यच आहे. चुकीच्या गोळीने माणूस दगावू शकतो. पण याचा सरळ अर्थ असा की एकाच फार्मासिस्टवर चालणाऱ्या दुकानात त्याचे विलगीकरण म्हणजे दुकानाची टाळेबंदी. इंग्लंडमध्येही जबाबदार फार्मासिस्टला दिवसातून कमाल दोन तास गैरहजर राहण्याची मुभा आहे. पण तिथे रोजावर येणाऱ्या बदली फार्मासिस्टचा स्वतंत्र बाजार आहे. एक पडला तर पैसे मोजून दुसरा उभा करता येतो. आपल्याकडे दरवर्षी हजारो पदविकाधारक आणि पदवीधर महाविद्यालयांतून बाहेर पडतात, त्यातले कित्येक कामाच्या शोधात फिरतात, आणि तरी आठवडाभरासाठी बदली फार्मासिस्ट कुठून आणायचा याचे उत्तर दुकानदाराकडे नसते.

उत्तर नसण्याचे कारण सगळ्यांना माहीत आहे आणि त्याकडे सगळेच कानाडोळा करतात. कित्येक दुकानांत फार्मासिस्ट भिंतीवरच्या फ्रेमपुरता असतो. २०१२ च्या सुमारास महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना राज्यात फार्मासिस्टच्या हजेरीचा आग्रह धरला गेला, तेव्हा औषधविक्रेत्यांनी किती गदारोळ केला ते आठवावे. या सवयीचा साथीशी थेट संबंध आहे. प्रमाणपत्र टांगून चालणाऱ्या दुकानाला फार्मासिस्ट आजारी पडल्याने काहीच फरक पडत नाही. जो रोज स्वतः उभा राहतो, त्याचे दुकान बंद पडते. प्रामाणिक माणसानेच तेवढा भुर्दंड भरायचा, अशी ही रचना आहे. मग तोही शिकतो: मालक घरी विलगीकरणात, आणि दुकानात त्याची बायको किंवा भाचा फोनवर विचारून गोळ्या देतो आहे. संसर्ग कदाचित थांबतो, पण औषधाची सुरक्षितता जाते. कधी दोन्ही जातात.

६. आक्षेप

पहिला आक्षेप: पगारी रजा दिली की लोक खोटे दुखणे सांगतील. काही सांगतील, नाकारण्यात अर्थ नाही. पण दोन्ही बाजूंचा खर्च मांडून बघा. पुण्याच्या एका कंपनीने बनवलेला, घरी करायच्या चाचणीचा देशातला पहिला संच मे २०२१ मध्ये मान्य झाला. किंमत होती २५० रुपये. मेडिकलवाले हे संच गिऱ्हाइकांना विकत होते. स्वतःच्या माणसासाठी फोडण्याची पद्धत मात्र पडली नाही. इंग्लंडमध्ये त्याच वर्षी दुकानातल्या कर्मचाऱ्यांनी आठवड्यातून दोनदा अशी झटपट चाचणी करावी अशी अपेक्षा होती. ही चाचणी सुरुवातीच्या दिवसांत चकते, म्हणून एका निगेटिव्हवर विसंबता येत नाही. एक दिवस सोडून पुन्हा करावी लागते. तरी दोन संच आणि दोन दिवसांचा पगार हा एका खोट्या रजेचा वरचा आकडा झाला. खऱ्या पण लपवलेल्या आजाराला वरचा आकडा नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. लहान मालकाने पैसे आणायचे कुठून? किंमत-नियंत्रणाखालच्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याला १६ टक्के नफा धरलेला आहे, आणि समोरचे दुकान व ऑनलाइन कंपन्या सवलतीचे फलक लावून बसल्यावर त्यातलाही बराचसा जातो. हे खरे असल्यामुळेच मी हा भार एकट्या मालकावर टाका असे म्हणत नाही. दोन दिवसांचा संशय मालकाने सोसावा. चाचणी पॉझिटिव्ह आल्यावरचे दिवस तालुका किंवा जिल्हा संघटनेच्या सामाईक निधीने, आणि जाहीर झालेल्या साथीत शासनाने. शासनाची जबाबदारी इथे नैतिक कमी आणि व्यवहाराची अधिक आहे. मेडिकलला अत्यावश्यक ठरवून शटर उघडे ठेवायला सांगितले ते शासनानेच. काही राज्यांत तर ताप-खोकल्याची औषधे नेणाऱ्यांची नावे नोंदवायचे कामही दुकानांकडे आले. एप्रिल २०२१ मध्ये रेमडेसिविरसाठी पुण्या-मुंबईत ज्या रांगा लागल्या, त्या याच काउंटरांपुढे. पण आरोग्य कर्मचाऱ्यांच्या ५० लाखांच्या विम्यात खाजगी मेडिकलमधला माणूस सरसकट धरला गेला नाही, आणि लसीच्या प्राधान्यासाठी औषधविक्रेत्यांच्या संघटनेला २०२१ च्या मे महिन्यातही भांडत राहावे लागले. काम घेताना आरोग्यसेवक आणि देताना दुकानदार, असा तो मामला होता.

तिसरा आक्षेप: औषधाचे दुकान बंद ठेवता येत नाही. शहराला हा लागूच होत नाही. ज्या रस्त्यावर शंभर पावलांत चार मेडिकल आहेत तिथले एक आठवडाभर बंद राहिल्याने कोणाचे औषध चुकत नाही. चुकतो तो मालकाचा धंदा. तीस गावांच्या मधोमध एकच मेडिकल असते, तिथे मात्र आक्षेप खरा आहे. मधुमेहाचा, रक्तदाबाचा, फिट्सचा रुग्ण तिथूनच गोळ्या नेतो, आणि श्वसनाचा संसर्ग ज्यांना सर्वांत जड जातो तेच तिथे सर्वांत जास्त येतात. आजारी फार्मासिस्टने तिथे उभे राहणे वाईट आणि शटर ओढणेही वाईट. यातून शिस्तीने वाट निघत नाही, ती फक्त आधी ठरवून ठेवलेल्या बदली माणसाने निघते.

‘आता कोविड संपला’ या आक्षेपाला फार जागा द्यायला नको. ५ मे २०२३ रोजी जागतिक आणीबाणी संपली, पण स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यातच गेला होता, आणि इन्फ्लुएंझा काही निरोप घेऊन गेलेला नाही.

७. मग काय लिहून ठेवायचे

दुकानाच्या पातळीवर पुरेसा आहे एक कागद, मालकाने सही करून कर्मचाऱ्याच्या हाती दिलेला. ताप, खोकला किंवा घसा धरला की दोन दिवस पगारी, कारण न विचारता. चाचणीचा संच दुकानाचा. पॉझिटिव्ह आल्यास किती दिवस आणि किती टक्के पगार, तो आकडा स्पष्ट. जेवण पाळीपाळीने, आणि शक्य तर दुकानाबाहेर. आजारी माणसाचे नाव गिऱ्हाइकांत फिरणार नाही याची हमी हवीच. घरांवर फलक लावण्याच्या प्रथेला डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लगाम घातला, पण दुकानाच्या बदनामीची भीती कायद्याने जात नाही आणि ती भीतीच अनेक मालकांना गप्प बसवते.

उरलेले काम एकट्या दुकानाच्या आवाक्यातले नाही. तालुक्यातल्या संघटनेने बदली फार्मासिस्टांची चालू यादी ठेवावी, त्यांचा रोजचा दर आधीच ठरवावा. जवळच्या दोन दुकानांनी जोडी करावी, म्हणजे एकाचा फार्मासिस्ट पडला तर दुसऱ्याकडचा ठरलेल्या तासांपुरता येईल आणि त्या तासांतच चिठ्ठीवरची औषधे मिळतील. दुसऱ्या दुकानात फार्मासिस्ट एकच असेल, तर तेवढा वेळ तिथली चिठ्ठी थांबवावी लागेल. अर्धा दिवस दोन्हीकडे मिळणे हे एकीकडे अजिबात न मिळण्यापेक्षा बरे. यासाठी प्रशासनाने एवढेच करायचे की अशा बदलीची नोंद अर्ज-मंजुरीच्या फेऱ्याविना, ऑनलाइन सूचना देताच त्याच दिवशी ग्राह्य धरायची. औषध निरीक्षक तपासणीला येतो तेव्हा परवाना बघतो, फ्रिजचे तापमान बघतो, शेड्यूल एच-वनची वही चाळतो. फार्मासिस्ट उद्या तापाने पडला तर त्याच्या जागी कोण, त्याचा नोंदणी क्रमांक काय, हा रकाना त्याच्या तपासणीच्या फॉर्मात आला, तर पुढच्या साथीची वाट न बघता दुकानांना ती नावे शोधायला लागावे लागेल.